दुसऱ्या पंपाने काहीच कसं वाटत नाही?

प्रश्न : दम्यासाठी मला दोन पंप दिलेत. निळा घेतला की पाच मिनिटांत छाती मोकळी होते. दुसरा सकाळ-संध्याकाळ घेते, पण काहीच जाणवत नाही. बंद केला तर चालेल का? शेजारच्या काकू म्हणतात, पंपाची सवय लागते.
– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो कृपा करून बंद करू नका. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनलिकांचे आवळलेले स्नायू सैल करतं. स्टेशनचा पूल चढून धाप लागलेल्या माणसाला ती सुटका लगेच कळते. पण चार-सहा तासांत असर ओसरतो आणि नलिकांची आतली सूज तशीच राहते. डोंबिवलीत एमआयडीसीचा उग्र वास, घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची धूळ; सूज चाळवायला एवढं पुरतं. ती उतरवतं दुसऱ्या पंपातलं बुडेसोनाइडसारखं स्टेरॉइड, आणि त्याला काही आठवडे लागतात. हळूहळू कमी होणारी सूज घेतल्या घेतल्या कळणार कशी?

कॅप्सूल फिरवून ओढणारे काही जण चवीवरून ठरवतात : घसा गोडसर लागला, म्हणजे औषध पोचलं. ती गोडी लॅक्टोजची, औषधात मिसळलेल्या साखरेची असते. उलट, दाबायच्या पंपाचा पांढरा धूर तोंडातून बाहेर आला, तर औषध वायाच गेलं. पंपाला स्पेसरची नळी लावा, सावकाश ओढा, दहा सेकंद श्वास रोखा. स्टेरॉइडनंतर चूळ भरायला विसरू नका.

काकूंची भीती मला समजते, पण सवय लागत नाही. बंद केल्यावर त्रास परततो, कारण आजार तिथेच असतो. आणि औषधाची मात्रा म्हणाल, तर साल्ब्युटामॉलच्या ४ मिलिग्रॅमच्या गोळीपुढे पंपाचे दोन पफ म्हणजे विसावा भाग. काळजी वाटावी ती एकट्या निळ्यावर विसंबण्याची. दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेने, 'जिना'ने, २०१९पासून तसं न करण्याचा सल्ला दिलाय.

वर्षानुवर्षं दमा असलेल्या काहींना नलिका बऱ्याच आवळल्या तरी धाप जाणवत नाही. म्हणून छातीला काय वाटतं यावर सगळं सोडू नका. पीक फ्लो मीटर मिळाला तर रोज सकाळी फुंकून आकडा लिहा. नसेल तर भिंतीवरचं कालनिर्णय आहेच. निळा घ्याल त्या तारखेला टिंब, रात्री खोकल्याने जाग आली तर फुली. आठवड्यात दोनाहून जास्त टिंबं पडली किंवा एक जरी फुली आली, तरी दमा आटोक्यात नाही असं समजा, आणि महिन्याच्या पानाचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.