गोळ्यांचा जमाखर्च

सेमाडोह, हरिसाल, धारणी या बाजूच्या ज्या घरांतून यंदा मुलाने अथवा मुलीने दहावीची किंवा बारावीची परीक्षा दिली असेल, तेथील वडीलधाऱ्यांची चिंता बहुधा वनरक्षकाची भरती, पोलीस भरती आणि आश्रमशाळेतील नोकरी एवढ्याच परिघात फिरत राहते. आणि त्यात त्यांना दोष देता येत नाही, कारण १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प असलेल्या या मुलखात कारखान्याचे धुराडे दृष्टीस पडण्याचा संभव नाही, आणि जे दृष्टीस पडत नाही त्यावर अपत्याचे भवितव्य सोपवण्यास कोणीही विचारी पालक धजत नाही. तथापि याच विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा-कोरपना भागात, चुनखडीच्या विपुल साठ्यांवर आवारपूर, गडचांदूर आणि उपरवाही येथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे आहेत. त्यांपैकी आवारपूरचा लार्सन अँड टुब्रोने गेल्या शतकाच्या नवव्या दशकात उभारला व २००४ साली तो अल्ट्राटेककडे गेला. जुन्या मध्यप्रांतात आपल्या वऱ्हाडाबरोबरच नांदलेल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे हिंदुस्थान कॉपरची तांब्याची खाण आहे. दगड दळून त्याचे पीठ करणे हा या उद्योगांचा समाईक व्यवहार असून त्यासाठी लागणाऱ्या बॉल मिल नावाच्या यंत्राची निगा राखणारी माणसे कोणती विद्या शिकून तेथवर पोहोचतात, हे येथे सांगावयाचे आहे.

बॉल मिल म्हणजे आडवे ठेवलेले, आतून पोलादी लायनरांनी मढवलेले, स्वतःभोवती फिरणारे एक प्रचंड नळकांडे. त्याच्या पोकळीचा सुमारे तीन दशांश भाग पोलादी गोळ्यांनी भरलेला असतो, आणि नळकांडे फिरू लागले की गोळे भिंतीबरोबर वर चढतात व खाली कोसळून सापडेल ते फोडतात. फिरण्याचा वेग मनाला येईल तसा ठेवता येत नाही. ४२.३ या अंकास मिलच्या मीटरांतील व्यासाच्या वर्गमूळाने भागले असता जो आकडा येतो, मिनिटाला तितके फेरे झाले की गोळे कोसळतच नाहीत, भिंतीला चिकटून फिरत राहतात. चार मीटर व्यासाच्या मिलसाठी हा आकडा एकवीस येतो, म्हणून ती त्याच्या पाऊणपटीने, म्हणजे सोळाच्या आसपास फिरवतात. नववीच्या विद्यार्थ्याला सोडवता येईल असे हे गणित आहे, आणि गणिताच्या भयाने कारखान्याकडे पाठ फिरवणाऱ्या मुलांना ते एकदा कागदावर करावयास लावावे.

खरे कौशल्य मात्र गोळ्यांच्या मिश्रणात आहे. नव्वद मिलिमीटर व्यासाचा गोळा सुमारे तीन किलोचा असतो आणि एका टनात असे जेमतेम साडेतीनशे बसतात. वीस मिलिमीटरचा गोळा अवघा तेहेतीस ग्रॅमचा, आणि त्याचे टनात तीस हजार होतात. मोठ्याचा आघात क्लिंकरचा, म्हणजे भट्टीतून निघालेल्या व दळून सिमेंट होणाऱ्या मालाचा, खडा फोडतो, परंतु फुटलेल्या कणाला वस्त्रगाळ करावयाचे तर अगणित लहान गोळ्यांचे घर्षणच हवे. म्हणून सिमेंटच्या मिलचे दोन कप्पे करतात; पहिल्यात नव्वदपासून साठपर्यंतचे आणि जाळीदार भिंतीपलीकडील दुसऱ्यात त्याहून लहान गोळे भरतात. पहिल्या कप्प्यात मोठे गोळे कमी पडले की न फुटलेले खडे जाळीपाशी साचतात. दुसऱ्यात मोठे गोळे अधिक झाले की वीज खर्ची पडते, पण सिमेंटला बारीकपणा येत नाही. किती मोठा गोळा घ्यावा याचे सूत्र अमेरिकेतील फ्रेड बाँड यांनी खड्याचा आकार, त्याचे काठिण्य व मिलचा व्यास यांवरून बसवून दिले, आणि अभियंते आजही हिशेबाचा आरंभ तेथूनच करतात.

परंतु सूत्राने भरलेले मिश्रण टिकत नाही, आणि येथूनच या व्यवसायाची कसोटी लागते. गोळा रोज झिजतो. नव्वदचा ऐंशीचा होतो, ऐंशीचा सत्तरचा. गावच्या गिरणीचे दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावून घ्यावी लागते हे आपण पाहतोच. फरक इतकाच की येथे टाकीऐवजी ताजी भरती चालू ठेवावी लागते. लहान गोळे मिल स्वतःच झिजवून तयार करीत असल्यामुळे भरती मुख्यतः त्या त्या कप्प्यातील सर्वांत मोठ्या आकाराची करतात. उच्च क्रोमियमच्या गोळ्यांची झीज टनभर सिमेंटमागे पन्नास ग्रॅम धरली, तर ताशी शंभर टन दळणाऱ्या मिलमध्ये महिन्याकाठी साडेतीन टन पोलाद नाहीसे होते. खनिजाच्या ओल्या दळणात घर्षणाला गंजाचीही साथ मिळत असल्याने ही झीज कित्येक पटींनी वाढते.

झीज झाली की मोटारीवरचा लोड उतरतो. अशा वेळी भांडारात जे गोळे शिल्लक असतील ते टाकून लोड पूर्ववत केल्याचा देखावा करण्याचा शिरस्ता काही ठिकाणी पडलेला असतो. आकडा भरून निघतो, वजनाचा हिशेब जुळतो, वरिष्ठांचा तगादा थांबतो. आणि मिश्रण मात्र बिघडत जाऊन काही महिन्यांनी विजेच्या बिलात व सिमेंटच्या बारीकपणात त्याचा झाडा द्यावा लागतो. जाणता मनुष्य मिल थांबवून आत उतरतो, गोळ्यांच्या थरापासून छतापर्यंतचे अंतर मोजतो, मिलच्या लांबीवर मीटरमीटरला नमुने काढून चाळणीने तपासतो, तुटके व चपटे झालेले गोळे बाजूला काढवतो, आणि कोणत्या तारखेस कोणत्या आकाराचे किती गोळे पडले याची नोंद ठेवतो. माझ्या मते या पेशाला बुद्धीच्या चमकेपेक्षा कारकुनी सचोटीची गरज अधिक आहे, आणि ज्या मुलाच्या वह्या नीटनेटक्या असतात पण ज्याला घरात कोणी हुशार म्हणत नाही, त्याने याचा अवश्य विचार करावा.

तेथवर पोहोचण्याच्या वाटा अनेक आहेत. आयटीआयमध्ये फिटरचा किंवा रासायनिक संयंत्र चालकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतनावर कारखान्यात शिरता येते. अमरावतीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेतल्यास पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. नागपूरच्या व्हीएनआयटीत धातुशास्त्र व खाणकाम या दोन्ही शाखा आहेत, आणि भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालयही त्याच शहरात आहे. रसायनशास्त्राची पदवी घेणाऱ्या मुलींना कारखान्याची प्रयोगशाळा खुली आहे, आणि हरियाणातील बल्लभगड येथील राष्ट्रीय सिमेंट परिषद सिमेंट तंत्रज्ञानाचे शिक्षण देते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वयम् योजना आहे. चौकशी धारणीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी, आणि जातीच्या दाखल्याची व पडताळणीची तजवीज निकाल लागण्यापूर्वीच करून ठेवावी.

दोन गोष्टी लपवून ठेवणे योग्य होणार नाही. नव्या सिमेंट कारखान्यांत उभ्या रोलर मिलने बॉल मिलची बरीच जागा घेतली आहे, यास्तव केवळ या एका यंत्रापुरते शिक्षण घेऊ नये. यंत्र, धातू अथवा रसायन यांपैकी एका शाखेचा पाया पक्का करावा, म्हणजे यंत्र बदलले तरी मनुष्य निरुपयोगी होत नाही. दुसरी गोष्ट जिवाची. मिलजवळचा आवाज कानांचे संरक्षण न केल्यास बहिरेपण आणतो, आणि बंद मिलमध्ये उतरण्यापूर्वी वीज तोडून स्विचला स्वतःचे कुलूप लावणे, आतील हवा व उष्णता तपासणे आणि लेखी परवाना हाती घेणे, यांपैकी एकही गोष्ट घाईच्या हुकुमाखातर सोडावयाची नसते.

गोळे वाहण्याचे व टाकण्याचे कष्टाचे काम पुष्कळदा ठेकेदाराच्या मजुरांकडे असते. म्हणून नेमणुकीचा कागद हाती आला की पगाराच्या आकड्याआधी हजेरीपट कोणाचा आहे, कंपनीचा की ठेकेदाराचा, हे पालकांनी वाचून पाहावे. आणि उमेदवारीस लागलेल्या मुलाने पहिल्या काही आठवड्यांतच आपल्या वरिष्ठांकडे गोळ्यांच्या भरतीची नोंदवही पाहावयास मागावी, मागील वर्षभराच्या नोंदी प्रत्येक महिन्याच्या उत्पादनाशी व विजेच्या आकड्यांशी ताडून पाहाव्यात, आणि जेथे मेळ बसत नाही तेथे का बसत नाही हे नम्रपणे विचारावे.