अर्धा कोयता

त्या दिवशी लोकांनी मला दारुड्यात काढलं. सकाळचे सव्वासहा, बीडमधला खंडेश्वरीच्या देवळाकडे जाणारा रस्ता आणि कडेच्या खडीवर फतकल मारून बसलेला पन्नाशीचा मास्तर. अंगातून घामाच्या धारा, हात लटलट कापतायत, जीभ जड. दोन मोटारसायकली थांबल्या, बघून निघून गेल्या. “एवढ्या सकाळी?” हे मात्र मला नीट ऐकू आलं. एका दूधवाल्या पोरानं वास घेतला, दारूचा नाही हे ताडलं आणि विचारलं, “काका, शुगर आहे का?” मी कशीबशी मान हलवली. टपरीवरून त्यानं साखर आणली, पाण्यात ढवळली आणि माझा हात धरून ग्लास तोंडाला लावला. दहा-पंधरा मिनिटांत मी माणसात आलो.

चूक सगळी माझीच. रात्री नीट जेवलो नव्हतो, गोळी मात्र न चुकता घेतली होती. सकाळी उपाशीपोटी पाच किलोमीटर झपाझप चालायला निघालो. फोन घरी चार्जिंगला. आणि एकटा. सुटलेलं पोट ओळखीच्यांना दिसायला नको म्हणून मुद्दाम एकटा!

तसा हा माझा चौथा प्रयत्न. आधीचे तीन आठ-दहा दिवसांत बारगळले होते. एकट्या माणसाचा स्वतःशी सौदा फार लवकर पटतो. आज पाय दुखतोय, आज आभाळ आलंय, आज परीक्षेचे पेपर तपासायचेत. समोर नाही म्हणणारं कोणी नसतं.

संध्याकाळी शेजारचे अण्णा बघायला आले. एसटीतून निवृत्त झालेले, आईबाप ऊसतोडीला जाणारे. चहा पिता पिता म्हणाले, “सर, एकटं जाता म्हणजे अर्धा कोयताच की तुम्ही.”

बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देताना नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी असला तर अर्धा. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या, दोघांनी मिळून वाहायच्या. दसरा-दिवाळीनंतर अशा जोड्या गावं रिकामी करून निघतात. व्यायाम करा, असं त्यांना कोणी सांगत नाही. सांगावं लागतं ते माझ्यासारख्या खुर्चीवाल्यांना.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला अण्णांनी फाटकाची कडी वाजवली. “चला की सर.” ती कडी हे माझं खरं औषध. अण्णा थंडीत कानटोपी घालून दारात उभे असताना पांघरुणात लोळायची लाज वाटते. गजर बंद करता येतो, अण्णा बंद करता येत नाहीत.

पण जोडीदार कोणीही चालत नाही, हेही ठेच खाऊन कळलं. मध्यंतरी अण्णा गावी गेले, तेव्हा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या भाच्यासोबत निघालो. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला. सोबती आपल्यापेक्षा थोडा वरचढ असावा, फार नको. आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसला केनियाच्या धावपटूंना धरून पळाला. ८ मिनिटं ११.२० सेकंदांत राष्ट्रीय विक्रम करून रौप्य घेतलं आणि सुवर्ण फक्त ०.०५ सेकंदानं हुकलं. त्याला केनियावाले झेपतात. मला अण्णा झेपतात. चालताना दोघांना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. आठवड्याला १५० मिनिटं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमची पाच दिवस अर्धा-अर्धा तास अशी सहज भरतात.

जोडीदाराला आपला आजार ठाऊक हवा. आजार लपवायचा तर मग सोबत कशाला? मधुमेहाच्या काही गोळ्यांनी किंवा इन्शुलिननं साखर एकदम खाली येऊ शकते. आपली गोळी त्यातली आहे का आणि चालण्याआधी काय खावं, हे डॉक्टरांना विचारून घ्या. अण्णांच्या खिशात आता साखरेची पुडी असते. घाम, थरथर, बोलणं बरळल्यासारखं झालं की तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८ लावायचा.

आणि रस्त्यावर सोबत म्हणजे खांद्याला खांदा नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये बीड-परळी रस्त्यावर घोडका राजुरीजवळ भरतीसाठी पळणारी तीन पोरं बसखाली गेली. तेव्हापासून आम्ही उजव्या कडेनं, गाड्यांकडे तोंड करून, एकामागे एक चालतो. गप्पा ओरडून माराव्या लागतात, त्याला इलाज नाही. उजाडायच्या आत हमरस्त्याला जातच नाही.

आता अण्णा महिनाभर लेकीकडे पुण्याला गेलेत. जाण्याआधी त्यांनी कोपऱ्यावरच्या टेलरला गाठलं आणि माझी गोळी, माझी पुडी, माझ्या सबबी सगळं समजावून सांगितलं. टेलर पहिल्या दिवशी स्लीपर घालून आला. मी म्हटलं, उद्या बूट घाला. तो म्हणाला, “सर, तुम्ही फाटक उघडायला वीस मिनिटं लावली. तोवर मी बूट शिवून घातले असते.”