हंगामातली धूळ आणि सर्दी
प्रश्न : अंकुशनगरला गळीत हंगाम सुरू झाला, की ऊसगाड्यांची धूळ उडते आणि घरोघरी खोकला. धुळीतून विषाणू पसरतात का?

उत्तर : पसरू शकतात. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गिनीपिगच्या केसांना फ्लूचा विषाणू लावला. त्यांच्या अंगावरून उडालेल्या धुळीने शेजारच्या पिंजऱ्यातल्यांना लागण झाली. मात्र रस्त्यावरच्या धुळीतला विषाणू उन्हात फार टिकत नाही. ती धूळ नाक-घसा चिडवते, विषाणूचं आयतंच फावतं. मला जास्त धास्ती थंडीत दारं लावून झोपलेल्या घराची. आजाऱ्याची गोधडी खोलीत झटकू नका, फरशी ओल्या फडक्याने पुसा. बुरसटलेल्या बगॅसजवळ (उसाच्या चोथ्याजवळ) काम करणाऱ्याला ताप आणि धाप लागली, तर ती सर्दी समजू नका. तो बगॅसोसिस, म्हणजे त्या बुरसटलेल्या चोथ्याच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, असू शकतो. डॉक्टरांना कामाचं स्वरूप आवर्जून सांगा.