गाड्यांच्या नंबरांनाही कोन असतो

मुंबईचा शेअर बाजार सव्वानऊला उघडतो, तेव्हा दुबईत पावणेआठ वाजलेले असतात. डिस्कव्हरी गार्डन्सच्या मेट्रो स्टेशनवर कामाला निघालेल्या कितीतरी मोबाइलांवर त्या वेळी निफ्टी हलत असतो. झेन, मोगल, कॅक्टस अशा नावांच्या बुटक्या इमारतींची ही नोकरदारांची वस्ती. पगारातून भाडं, मुलांची फी आणि गावाकडच्या घराचा हप्ता गेला की उरतं ते थोडकं, आणि त्या थोडक्याचं काहीतरी करावं ही घाई मोठी.

मी शाळेत गणित शिकवते. म्हणून आमच्या मजल्यावरचा इचलकरंजीचा मुलगा एक एक्सेल शीट घेऊन आला. “ताई, एवढं गणित बरोबर आहे का बघा.” दोन हजार दिरहम भरून कुठल्याशा क्लासात तो ‘स्क्वेअर ऑफ नाइन’ शिकला होता. मध्ये 1, त्याला वेढा घालून 2 ते 9, त्याबाहेर 10 ते 25, असा आकड्यांचा चक्रव्यूह. भावाचं वर्गमूळ काढायचं. पूर्ण एक फेरा म्हणजे मुळात 2 मिळवायचे, अर्धा फेरा म्हणजे 1, काटकोन म्हणजे अर्धा, 45 अंश म्हणजे पाव. मग पुन्हा वर्ग करायचा. शेअर 400 ला असेल तर मूळ 20, काटकोनावर 420.25, समोरासमोर 441, फेरा पुरा झाला की 484. विषम वर्ग, म्हणजे 9, 25, 49, एका कर्णावर आणि सम वर्ग त्याच्या विरुद्ध बाजूला. गणित चोख होतं, तसं मी सांगितलं. त्याचा चेहरा उजळला, आणि मला तिथेच शंका आली. गणित बरोबर म्हणजे बाजाराबद्दलचा दावाही बरोबर, असं त्यानं परस्पर धरून टाकलं होतं.

अशा चक्राची भूल पडते, हे मी समजू शकते. 1963 मध्ये स्टानिस्लाव उलाम या गणितज्ञानं कंटाळवाण्या व्याख्यानात बसून असेच आकडे गोल गोल लिहिले, तर मूळ संख्या तिरक्या रेघांवर गोळा होताना दिसल्या. पण उलामनं त्यावर पैसे लावले नाहीत.

निफ्टी 25,600 ला आहे असं धरा. मूळ बरोबर 160. पाव मिळवून वर्ग केला की 25,680. म्हणजे 45 अंशांची पुढची रेघ 80 अंकांवर. क्लासात साडेबावीस अंशही शिकवले होते. मग दर 40 अंकांना एक रेघ. ‘लेव्हलच्या दहा-बारा अंक इकडेतिकडे चालतं’ असंही सर म्हणाले होते. वर 10, खाली 10 धरले, तर 40 पैकी 20 अंक रेघेच्या हद्दीत आले. निफ्टी दिवसात शे-दीडशे अंक सहज फिरतो. तो कुठेही वळला तरी निम्म्या वेळा रेघेवरच वळल्यासारखा दिसणार.

हे कागदावर त्याला पटेना. मग आम्ही खाली पार्किंगमध्ये गेलो. दुबईच्या नंबरप्लेटवर एक-दोन अक्षरं आणि बहुतेक पाच आकडे. पाच आकडी नंबराचं मूळ काढ, जवळची रेघ बघ, दहाच्या आत असेल तर टिक कर, असं त्याला सांगितलं. हिशेबानं सरासरी पाचांत दोन गाड्या बसायला हव्यात. एका पांढऱ्या पिकअपचा नंबर तर दोन अंकांच्या फरकानं बसला. “ताई, ही तर परफेक्ट लेव्हल!” म्हणाला, आणि स्वतःच हसला.

सोन्यानं उरलेलं काम केलं. समजा सोनं 3,110 डॉलर औंस आहे. औंसाचे 31.1035 ग्रॅम, डॉलरचे 3.6725 दिरहम, म्हणजे ग्रॅमचा भाव सुमारे 367.2 दिरहम. त्याच्याच शीटच्या सूत्रानं डॉलरच्या भावाचा कोन 93 अंश येतो, दिरहमच्या भावाचा 344. दिरहम 1997 पासून डॉलरला बांधलेला, सोनं तेच, क्षण तोच. सोन्यानं नेमका कोणता कोन मानायचा?

ही पद्धत ज्यांच्या नावावर चालते ते डब्ल्यू. डी. गॅन (1878 ते 1955) टेक्सासचे. अलेक्झांडर एल्डर यांनी 1993 च्या ‘ट्रेडिंग फॉर अ लिव्हिंग’ या पुस्तकात गॅन यांच्या मुलाशी झालेलं बोलणं नोंदवलंय: वडिलांचं घर ट्रेडिंगवर चालत नव्हतं, ते अभ्यासक्रम विकून चालायचं. क्लासाला पैसे भरण्याआधी एवढं वाचलं तरी पुरे. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या काळात फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात होते. खर्च धरून माणशी तोटा सरासरी सुमारे 2 लाख रुपये.

तरीही कुणाला ही विद्या आजमावायचीच असेल, तर बाजार उघडण्याआधी वहीत तारीख घालून लेव्हल लिहा. कोणती रेघ, किती फरक चालेल, स्टॉपलॉस कुठे, सगळं आधीच. शेजारच्या रकान्यात डोळे मिटून निवडलेले तितकेच आकडे लिहा. महिन्यानं दोन्ही रकाने ताडून बघा, आणि चुकलेले अंदाज खोडू नका. मागाहून चार्टवर रेघ बसवणं कुणालाही जमतं. शिकवणाऱ्याकडे नफ्याचे स्क्रीनशॉट मागू नका, ब्रोकरच्या वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स मागा. टिप देत असेल तर सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. रिसर्च अॅनालिस्टचा आयएनएचनं सुरू होतो, सल्लागाराचा आयएनएनं. ‘मी फक्त शिकवतो’ म्हणणाऱ्याला सेबीच्या जानेवारी 2025 च्या परिपत्रकानं गेल्या तीन महिन्यांतले बाजारभाव दाखवून शिकवायला मनाई केली. वर्गात आजचा चार्ट उघडला, तर उठून या.

आणि खात्याचं बघा. इचलकरंजीचा हा मुलगा कोल्हापुरातल्या भावाच्या डिमॅटवरून ऑप्शन्स करत होता. इथल्या अनेकांचं तसंच चालतं. म्हणजे सौदे भावाच्या नावावर, रिटर्नमध्ये व्यवसायाचं उत्पन्न किंवा तोटा भावाचा, आणि मार्जिन तुटलं की ब्रोकरचा फोनही भावालाच. अनिवासी भारतीयाला रहिवासी खातं तसंच चालू ठेवता येत नाही. शेअरमध्ये इंट्राडे त्याला मना आहे. फ्युचर्स-ऑप्शन्स करायचे तर एनआरओ खात्यातून, आणि तो पैसा सहजी दुबईला परत नेता येत नाही. त्यानं आधी भावाचा पासवर्ड परत केला. वही मात्र चालू आहे, दुसऱ्या रकान्यात त्याची बायको आकडे लिहिते.