आमची हळद हलकी नव्हती

‘बारातो म्हणजे स्वस्त.’ ज्या ऑनलाइन क्लासानं मला एवढंच शिकवलं, त्याला मी पूर्ण कोर्सची फी आगाऊ मोजली होती. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मॅडम, मला गप्पा मारायला स्पॅनिश नको, हळद विकायला पाहिजे.

माल वसमतकडचा, सेलम जातीचा, निवडून पॉलिश केलेला. तिकडच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. मॅडमनी वाक्य बसवून दिलं: ‘नुएस्त्रा कुर्कुमा एस बाराता.’ आमची हळद स्वस्त आहे. व्याकरणात खोट नव्हती. कुर्कुमा स्त्रीलिंगी, म्हणून बारातोचं बाराता. चांगला-चांगली म्हणणाऱ्या आपल्या माणसाला ते जड जात नाही.

ते वाक्य तसंच पाठवलं. माद्रिदच्या व्यापाऱ्याचं उत्तर वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. नमुनाही न मागता त्यानं विचारलं होतं: दुय्यम माल आहे का, भेसळ किती, भाव अजून किती उतरेल? भेसळ! आमच्याकडं कांडी वेगळी, गट्टू वेगळा. बीटाच्या, म्हणजे लिलावाच्या, वेळी कांडी मोडून आतला रंग दाखवतो आम्ही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

भाची पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकलेली. तिला वाक्य वाचून दाखवलं तशी ती म्हणाली, “मामा, बारातोमध्ये भाव कमी हेही येतं आणि माल हलका हेही येतं. गिऱ्हाईक म्हणालं तर ते खूश आहे. विकणारा स्वतःच म्हणाला तर समोरच्याला शंका येते. ‘लो बारातो साले कारो’, स्वस्तातलं महागात पडतं, अशी त्यांच्यात म्हणच आहे.” आमच्या नव्या मोंढ्याच्या बाजारात कुणी अडत्या आपल्याच ढिगाला हलका म्हणंल का? मला कुणी सांगितलं असतं तर मीही म्हणालो नसतो.

मॅडमना जाब विचारला. त्यांचं उत्तर ऐका: “मी अर्थ बरोबरच सांगितला होता.” पुढचे मेसेज त्यांनी वाचले आणि सोडून दिले. फी परत मागितली तर नियम दाखवले. शिकवणाऱ्यानं असं हात झटकणं मला आजही पटत नाही.

नांदेड-लातूरकडची पोरं आता परदेशात माल पाठवायचं बोलतात. निलंग्याकडच्या बोरसुरीच्या तूरडाळीलाही मानांकन आहे. त्यांच्यासाठी सांगतो. आधी मालाचा दर्जा बोला: ‘दे बुएना कालिदाद’, चांगल्या प्रतीचा. मग भाव: ‘आ बुएन प्रेसिओ’, वाजवी भावात. दोन्ही एकत्र सांगायचं तर ‘बुएना रेलासिओन कालिदाद-प्रेसिओ’, म्हणजे पैशाच्या मानानं माल सरस. बारातो वापरायचंच तर वस्तूला लावा, भावाला नको. भाव कमी असेल तर ‘बाखो’, चढा असेल तर ‘आल्तो’.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बाजार पडला म्हणून सध्या हळद स्वस्त असेल, तर ‘एस्ता बाराता’. ‘एस बाराता’ म्हटलं की स्वस्तपणा त्या मालाच्या अंगचाच ठरतो. मोंढ्यात रोज भाव फिरतो. आपल्या माणसाला हा फरक पहिल्या धड्यात सांगायला पाहिजे होता.

स्पेनच्या रेआल अकादेमियाचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. दिल्लीत इन्स्तितुतो सेर्वांतेस आहे, तिथली देले परीक्षा जगभर चालते. क्लासवाल्याकडं ते प्रमाणपत्र आहे का, विचारा; मला विचारायचं कुणी सुचवलं नव्हतं.

फी एकरकमी भरू नका. पहिल्याच तासाला ‘एस बाराता’ आणि ‘एस्ता बाराता’ यांतला फरक विचारा. “दोन्ही एकच” असं उत्तर आलं, की दुसऱ्या तासाचे पैसे देऊ नका.