झांकलेले क्ष-किरण जोडतारे

कार्तिकांतील निरभ्र अमावास्येच्या रात्रीं, नऊच्या सुमारास, पोशीरच्या शेतांत उभें राहून डोक्यावरून थोडें उत्तरेकडे पाहिलें, तर देवयानी तारकापुंजांत एक धुरकट ठिपका दिसतो. ती सुमारें २५ लक्ष प्रकाशवर्षें दूर असलेली दीर्घिका, म्हणजे अब्जावधि ताऱ्यांचें नगर होय. त्या नगरांतील कांहीं रहिवासी पडद्याआड राहतात. त्यांचा शोध कसा घेतात, हें येथें सांगावयाचें आहे.

क्ष-किरण जोडताऱ्यांत एक तारा अतिघन असतो. तो न्यूट्रॉन तारा असेल अथवा कृष्णविवर. तो सोबत्याचा वायु ओढून घेतो. पडतां पडतां वायु कोट्यवधि अंशांपर्यंत तापतो व त्यांतून क्ष-किरण निघतात. आपलें वातावरण ते शोषून घेतें, म्हणून पाहण्याचें यंत्र उंच न्यावें लागतें. १९६२ सालीं अग्निबाणांतून पाठविलेल्या यंत्रास सूर्यमालेबाहेरील पहिला क्ष-किरण उद्गम वृश्चिक राशींत सांपडला.

सोबती महाकाय असून सतत वायु बाहेर टाकीत असला, तर त्या वायूचें दाट आवरण जोडीभोंवतीं जमतें. कमी ऊर्जेचे मृदु किरण त्यांत जिरतात. कठोर किरण पार निघतात. बंद घरांतील दिव्याचा उजेड अंगणांत येत नाहीं, तरी उखळांत भात कांडतांना मुसळाचा घाव ऐकूं येतो, तसाच हा प्रकार. म्हणून ज्या ठिपक्यांत मृदु किरण फार थोडे व कठोर किरण पुष्कळ, त्यावर प्रथम लक्ष ठेवितात. शिवाय आवरणांतील लोहाचे अणु उद्दीपित होऊन ६.४ सहस्र इलेक्ट्रॉन-व्होल्टांची ठळक रेषा उमटते. ही दुसरी खूण.

असा एक उद्गम जानेवारी २००३ मध्यें युरोपच्या ‘इंटिग्रल’ उपग्रहास आपल्याच आकाशगंगेंत आढळला. पुढें तांबड्यापलीकडील, म्हणजे अवरक्त प्रकाशांत त्याचा सोबती महातारा ओळखतां आला.

देवयानी दीर्घिकेंत हें काम अधिक बिकट आहे, कारण तेथील ठिपके मंद व दाटीचे. सुब्रह्मण्यम् चंद्रशेखर यांचें नांव दिलेल्या, १९९९ सालीं सोडलेल्या ‘चंद्रा’ दुर्बिणीनें ते वेगळे करून दाखविले. २०१२ सालीं सोडलेल्या ‘न्यूस्टार’ दुर्बिणीनें तेथें कठोर किरणांत सुमारें ४० जोडतारे टिपले. २०१६ सालीं हें जाहीर झालें. ते सर्वच झांकलेले नव्हेत. शिवाय फार मागें असलेल्या इतर दीर्घिकांचीं केंद्रेंही धुळीआडून अशींच दिसून फसवितात. परंतु ठिपका कांहीं सेकंदांच्या नियमित अंतरानें स्पंदत असेल, तर तो न्यूट्रॉन तारा ठरतो. आणि अवरक्त चित्रांत त्याच जागीं महातारा सांपडला, तर पुरावा बळकट होतो.

अशा अभ्यासास मृदु व कठोर, दोन्ही किरण एकदम पाहणारीं यंत्रें उपयोगी पडतात. २८ सप्टेंबर २०१५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावर तीं होतीं. त्यांच्या घडणींत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा व पुण्याच्या आयुका संस्थेचा वाटा होता.

एवढा खटाटोप कशासाठीं? अशा कांहीं जोड्यांतून पुढें न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोड्या होतात, व त्यांच्या टकरींत सोन्यासारखीं जड मूलद्रव्यें बनतात. २०१७ सालीं अशी एक टक्कर प्रत्यक्ष पाहण्यांत आली. झांकलेले तारे गणतींतून सुटले, तर आपल्या घरांतील सोनें कोठून आलें, त्याचा हिशेबही अपुरा राहील.