गोड्या पाण्यातल्या स्पंजात कोण राहते, ते असे पाहा

पावसाळा सरून तळ्याचे पाणी निवळले की बुडालेल्या पायऱ्या, फांद्या आणि दगडांच्या खालच्या बाजू तपासा. सावलीत फिकट तपकिरी, उन्हात हिरवा, छिद्रांचा आणि हाताला खरखरीत लागणारा थर दिसला तर तो स्पंज. शेवाळ बुळबुळीत असते. मुंबईच्या तळ्यांतल्या स्पंजांवर निसर्गअभ्यासक हेन्री कार्टर यांनी १८४०च्या दशकात काम केले. त्यांच्याच नावाची युनॅपियस कार्टेरी ही जात भारतात बऱ्याच ठिकाणी सापडते.

साहित्य : रबरी हातमोजे, रुंद तोंडाच्या दोन बरण्या, पांढरा ट्रे, चहाची बारीक गाळणी, मऊ चिमटा, दहापट भिंग, ७० टक्के अल्कोहोल.

हातमोजे घालाच. स्पंजाचा सांगाडा सिलिकाच्या सूक्ष्म सुयांचा असतो. त्या सुया चिकटलेला हात डोळ्याला लागला तर इजा होते.

स्पंजाखाली गाळणी धरून अंगठ्याएवढाच तुकडा कापा, बाकीचा तिथेच जगू द्या. धक्का लागताच पृष्ठभागावरचे जीव निसटतात, ते गाळणीत सापडतात. तुकडा पाण्यातच बरणीत सरकवा. बाहेर काढला तर त्याच्या नलिकांत हवा अडकते. दुसऱ्या बरणीत शेजारच्याच, स्पंज नसलेल्या दगडावरचे तेवढेच खरवडून घ्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग स्पंजाचे रहिवासी कोण व सहज आलेले कोण हे कळतच नाही.

ट्रेमध्ये तुकडा तासभर सावलीत ठेवा. कायरोनोमिड माश्यांच्या अळ्या आणि बारीक कृमी आपणहून बाहेर येतात. मग चिमट्याने हळूहळू उकला. पाण्यातले काही माइट स्पंजाच्या आतच अंडी घालतात, म्हणून घाई नको.

सिसिरा या कीटकाच्या अळीसाठी मात्र खास वेळ काढा. जेमतेम पाच मिलिमीटरची ही अळी स्पंजाच्याच रंगाची असते, त्यामुळे हलल्याशिवाय दिसत नाही. लांब, सुईसारख्या मुखांगांनी ती स्पंजाच्या पेशी शोषते. तिचे जगणे स्पंजावरच. पोटाखाली घडीचे कल्ले दिसले की ओळख पक्की. एखादी मोठी अळी स्पंजासह जिवंत ठेवून ट्रेच्या कडेला टिपकागद उभा लावा. पूर्ण वाढली की ती पाण्याबाहेर चढून रेशमी जाळीदार कोश विणते. हे एकदा तरी पाहावेच.

दोन्ही बरण्यांतल्या जिवांची मोजणी झाल्यावर नमुन्यापुरते जीव अल्कोहोलमध्ये ठेवून बाकीचे त्याच जागी सोडा. तारीख, ठिकाण, खोली आणि स्पंज कशावर होता हे पेन्सिलीने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.